चेतारा: पिंपातली मासळी आणि ‘अ’मृताचे थेंब

प्रश्न: इटलीतल्या नेपल्स-अमाल्फी सहलीत एक दिवस चेतारा या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावासाठी ठेवलाय. टॅक्सीचे दर ऐकून छाती दडपली. स्वस्तात कसं जायचं आणि कोणत्या महिन्यात? (वाचक, पुणे)

टॅक्सी नकोच. नेपल्सहून चेताराजवळच्या सालेर्नो शहराला जलद गाडीनं पाऊण तासाच्या आत पोचता. साध्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट काढलंत, तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का उमटवून घ्या. शिक्का नसलेल्या तिकिटावर दंड होतो.

चेताराला रेल्वे नाही. सालेर्नो स्टेशनपासून पाच-सात मिनिटं चालत गेलं की पियात्सा देल्ला कोंकोर्दियाचा धक्का लागतो. तिथून बोट सुमारे पंधरा मिनिटांत गावच्या बंदरात उतरवते. पण अमाल्फीकडे जाणारी प्रत्येक बोट चेताराला थांबत नाही, म्हणून वेळापत्रकात गावाचं नाव शोधूनच तिकीट काढा. समुद्र खवळला तर फेरी रद्द होते, हिवाळ्यात तर सेवाच बंद असते.

मग उरते बस. तिकीट ‘T’ पाटीच्या तंबाखूच्या दुकानात मिळतं. परतीचंही सालेर्नोतच घेऊन ठेवा, कारण चेताराची दुकानं दुपारी बंद सापडू शकतात. जाताना डाव्या बाजूला बसा, समुद्र तिकडेच आहे. परतीची बस अमाल्फीहून भरून येते आणि उन्हाळ्यात संध्याकाळी भरलेली बस थांब्यावर न थांबताच निघून जाते. तेव्हा येताना बोट किंवा लवकरची बस धरा.

महिन्याचं म्हणाल, तर पोहायचं असल्यास जून आणि गावचा खरा वारसा बघायचा असल्यास डिसेंबरची सुरुवात. तो वारसा पिंपात असतो, पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न: चेताराचं ‘कोलातुरा’ म्हणजे नेमकं काय? आपल्या मांदेलीचं तसं करता येईल का? (वाचक, रत्नागिरी)

कोलातुरा म्हणजे गाळलेला रस. खारवलेल्या अलीची माशाचं पाणी, रंग मधासारखा. अलीची म्हणजे अँचोव्ही, आणि मांदेली त्याच कुळातली, म्हणून प्रश्न अगदी रास्त आहे.

मासळी 25 मार्च ते 22 जुलै या काळात पकडलेली लागते. रात्री दिव्यांच्या उजेडाकडे थवे ओढून जाळं टाकतात. मासा ताजा असतानाच डोकं हातानं मोडतात, त्यासोबत आतडीही ओढली जातात. एक दिवस मिठात ठेवून मग ‘तेर्त्सीन्यो’त रचतात. नाव ‘एक तृतीयांश’वरून पडलंय, कारण हे मोठ्या पिंपाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं लाकडी पिंप. एक थर माशांचा, एक समुद्री मिठाचा. शेजारच्या माशाची शेपटी उलट्या दिशेला, म्हणजे फट राहत नाही. वर लाकडी झाकण आणि त्यावर दगड. दाबानं सुटलेलं पाणी वर येतं. जुन्या पद्धतीत ते काचेच्या भांड्यांत उन्हात आटवून दाट करतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर पुन्हा पिंपात ओततात. थराथरातून झिरपताना ते चव घेत उतरतं. मग ‘व्रियाले’ नावाच्या टोच्यानं तळाशी भोक पाडायचं आणि थेंब थेंब गोळा करायचा. जुन्या पद्धतीत नवा रस नाताळच्या आधी तयार होतो. 2020 मध्ये याला युरोपीय संघाचं ‘डी.ओ.पी.’ संरक्षण मिळालं, म्हणजे हे नाव ठरलेल्या भागातल्या, ठरलेल्या पद्धतीनं केलेल्या रसालाच लावता येतं; त्या नियमानं किमान नऊ महिने लागतात. बाटलीवर ती लाल-पिवळी मोहोर शोधा. घटक दोनच हवेत: अलीची आणि मीठ.

घरी मात्र करू नका. मासा बंदरावरून बाजारात आणि बाजारातून घरी येईपर्यंत तासन् तास उष्णतेत राहिला, तर त्यात हिस्टामाइन तयार होतं. नंतर कितीही मीठ घाला, कितीही उकळा, ते जात नाही. अंगावर पित्त उठतं, डोकं ठणकतं. मांदेली आपली तळून किंवा कालवणातच बरी.

प्रश्न: बाटली आणली, स्पॅगेटी केली, इतकी खारट की तोंडात घालवेना. कुठे चुकलं? (वाचक, नाशिक)

बहुधा पाण्यात मीठ घातलंत. पास्त्याच्या पाण्यात मीठ हवंच, हा नियम इथे मोडायचा. चौघांसाठी 400 ग्रॅम स्पॅगेटी बिनमिठाच्या पाण्यात उकळा. तेवढ्या वेळात एका मोठ्या भांड्यात 4 मोठे चमचे कोलातुरा, त्याच्या दीडपट ऑलिव्ह तेल, ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या, चिरलेली पार्सली आणि थोडी सुकी मिरची एकत्र करा. भांडं आचेवर ठेवायचं नाही. रस तापला की सुगंध उडतो आणि नुसता उग्र दर्प उरतो. निथळलेली स्पॅगेटी त्यात टाका, दोन चमचे पास्त्याचं पाणी घालून हलवा. चीज अजिबात नको. पहिल्यांदा तीनच चमचे घालून चाखा, चौथा हातात आहेच.

प्रश्न: सोबत शाकाहारी आईवडील आहेत, गुडघेही दुखतात. चेतारात त्यांचं काय? (वाचक, ठाणे)

बस वरच्या रस्त्यावर सोडते, बंदरापर्यंत उतार आहे आणि येताना तोच चढ. म्हणून त्यांना बोटीनं न्या. जेवताना ‘सेन्त्सा अलीची, सेन्त्सा पेशे’ म्हणजे अलीची नको, मासा नको, असं सांगा. नुसतं ‘वेजेतारियानो’ म्हटलं तर एखाद्या भाजीत अलीचीचा तुकडा सापडू शकतो, कारण तिथे तो मसाल्यासारखा वापरतात. लिंबाचा पास्ता कोलातुरा नाही ना, हे विचारून मागवा आणि ‘देलीत्सिया आल लिमोने’ हा लिंबाच्या क्रीमचा गोल केकही. केकमध्ये अंडं असतं, ते चालत नसेल तर लिंबाचं सरबत. गावचा समुद्रकाठचा जुना बुरूज बाहेरून पाहिलात तरी चालेल.

उरलेला वेळ शेजारच्या व्हिएत्री सुल मारेला द्या, मातीच्या रंगीत भांड्यांचं गाव आहे. ताटल्या घेताना एकाच नक्षीच्या दोन शेजारी ठेवून बघा. रेषा तंतोतंत जुळल्या तर माल छापील. हातानं रंगवलेल्यात कुठे पाकळी जाड, कुठे ब्रशचं शेपूट लांब असतं. भांडी कपड्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवा. कोलातुराची 100 मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली मात्र विमानाच्या चेक-इन सामानातच द्या. बुचावर चिकटपट्टी आणि वर दोन पिशव्या चढवा, नाहीतर बॅगेतले सगळे कपडे महिनाभर बंदरासारखे वास मारतील.