पहिल्या रात्रगस्तीला निघण्यापूर्वी

बाळा, इंदूरच्या राजवाडा-सराफ्याची बीट, म्हणजे गस्तीचा भाग, मिळाली म्हणतोस, तर आधी दिवसा ती पायी फिर. सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच दारात खाऊची गर्दी लागते. कुठली गल्ली कुठे निघते, कोणतं शटर किती वाजता पडतं, हे डोक्यात बसलं तरच रात्री वेगळं काही नजरेत भरेल. गाडीतून ते कळत नाही. चौकीदार, रिक्षावाले, पोहेवाले यांच्याशी रोज बोल. मला निम्म्या खबरा तिथूनच मिळाल्या.

नोंद मात्र तिथल्या तिथे कर. सकाळी लिहीन म्हणत मी एकदा भांडणाची वेळ चुकवली आणि कोर्टात साक्ष डळमळली. ते अजून सलतं. १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, तेव्हा मोबाइल चार्ज ठेव. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलिसांना वॉरंटविना अटक करता येते तो, दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला असला तरी फिर्याद घ्यायचीच; रडत आलेल्या माणसाला हद्द सांगून परत पाठवू नकोस रे.

अनंत चतुर्दशीला कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, रात्रभर चालतात. त्या दिवशी जुने, पायात रुळलेले बूट घाल आणि आईला आधीच सांगून ठेव, सकाळी उशीर होईल.