मुलीनं आधी शिकवावं की आधी संशोधन करावं?

प्रश्न : संगमनेरजवळ माझं मेडिकल स्टोअर आहे. मुलगी बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.फार्म करून पुढे फार्माकोकायनेटिक्समध्ये पीएचडी, मग औषध कंपनीत संशोधन आणि शेवटी शिकवायचं, असं तिनं ठरवलंय. मला वाटतं, एम.फार्म झाल्या झाल्या जवळच्या कॉलेजात लागावं. या विषयात काम तरी मिळतं का?

उत्तर : नमस्कार. तुमच्या काउंटरवरूनच सुरुवात करतो. फिटच्या रुग्णाला फेनिटॉइनची कंपनी परस्पर बदलून देऊ नये, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याचं कारण तुमची मुलगी शिकते त्या विषयात आहे. या औषधाचं विघटन करणारी यकृतातली यंत्रणा नेहमीच्या डोसलाच भरत येते. म्हणून डोस ३०० मिलिग्रॅमवरून ४०० केला, तर रक्तातलं प्रमाण तिसऱ्या हिश्शानं नाही, त्याहून कितीतरी जास्त चढतं. हवं ते प्रमाण मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम. त्याखाली फिट येऊ शकते, त्यावर रुग्णाचा तोल जातो. औषध शरीरात किती शिरतं, कुठे जातं, कधी बाहेर पडतं, याचं गणित म्हणजे फार्माकोकायनेटिक्स.

काम आहे का? १९९१च्या सुमारास माणसांवरच्या चाचण्यांत बाद होणाऱ्या नव्या औषधांपैकी जवळपास ४० टक्के औषधं याच कारणानं बाद व्हायची : रक्तात पुरेशी पोचत नव्हती किंवा टिकत नव्हती. २०००पर्यंत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आलं. कंपन्या हे प्रश्न आता माणसाला गोळी देण्याच्या बऱ्याच आधी, प्रयोगशाळेतच सोडवू लागल्या आणि ते सोडवायला या विषयाची माणसं लागतात. आपल्याकडे जेनेरिकचं कामही मोठं आहे. जेनेरिक आणि मूळ औषध यांच्या रक्तातल्या प्रमाणाचं गुणोत्तर, त्याच्या ९० टक्के विश्वासांतरासकट (म्हणजे मोजमापातली अनिश्चितता धरून येणाऱ्या मर्यादांसकट), ८० ते १२५ टक्क्यांत बसवून दाखवावं लागतं. (गोळीत औषध कमी-जास्त चालतं, असा याचा अर्थ नाही. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा हे जरूर सांगा.)

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. या चाचण्यांच्या लॅबमध्ये काही जण वर्षानुवर्षं प्लाझ्माचे (रक्तातल्या द्रवाचे) नमुने मशीनला लावत राहतात आणि तिथेच अडकतात. पुढे जातो तो आलेल्या आकड्यांचा अर्थ लावणारा. तेव्हा लॉगॅरिदम, संख्याशास्त्र आणि 'आर'सारखी संगणकभाषा यांच्याशी तिनं आत्तापासून मैत्री करावी. गणिताचा कंटाळा असेल, तर या वाटेला जाऊच नये.

मार्ग सरळ आहे. जीपॅट, म्हणजे एम.फार्मची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, द्यावी. पात्र ठरून मान्यताप्राप्त कॉलेजात एम.फार्मला प्रवेश मिळाला, तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकतं. नायपर या केंद्र सरकारच्या औषधनिर्माणशास्त्र संस्थांची प्रवेश परीक्षा वेगळी असते, तीही द्यावी. शाखा फार्मास्युटिक्स (औषध घडवण्याचं शास्त्र) घ्या किंवा फार्माकॉलॉजी (औषधाच्या परिणामांचं शास्त्र), प्रबंधाचा विषय आणि मार्गदर्शक जास्त महत्त्वाचे. पीएचडीसाठी लखनौच्या सीडीआरआयकडेही (केंद्रीय औषध संशोधन संस्थेकडेही) पाहावं, तिथे या विषयाचा विभाग आहे.

आता तुमचा खरा मुद्दा. एम.फार्मवर सहायक प्राध्यापक होता येतं, हे बरोबर. पण लगेच लागू नये, असं मला मनापासून वाटतं. बी.फार्मच्या सहाव्या सत्रात हा विषय असतो आणि बहुतेक मुलं तो सूत्रं पाठ करून काढतात, कारण शिकवणाऱ्यानंही पुष्कळदा रक्तातल्या औषधाचा खरा आलेख कधी काढलेला नसतो. चार वर्षं स्वतः नमुने तपासून, एखादा डोस चुकताना पाहून ती वर्गात उभी राहिली, तर तिचं शिकवणं वेगळं होईल. शिवाय पीएचडी असली की पुढच्या बढत्यांना अडचण येत नाही. उलटी वाट अवघड आहे : दहा वर्षं कॉलेजात काढून मग कंपनीत शिरणं फार थोड्यांना जमतं.

पीएचडी होईपर्यंत तिचं वय अठ्ठावीस-एकोणतीस होईल, ही काळजी तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणार. ती तिच्याशीच बोला. लग्नाची बोलणी आणि संशोधन एकत्र चालवणाऱ्या मुली मी पाहिल्यात, पण ते आधी घरात ठरलेलं असलं तरच निभतं.

आणि एक करा. रविवारी दुकानात गर्दी नसेल तेव्हा तिला फेनिटॉइनचं हे गणित तुम्हाला, आणि तुमच्या दुकानातल्या बारावी झालेल्या मुलालाही, समजावून सांगायला सांगा. दोघांना कळलं का, ते मला कळवा.