वाचकांचे प्रश्न : विजया तेलाने स्वमग्न मुलांना आराम पडतो का?

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तो चार वर्षांचा असताना त्याच्या स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले. तो मोजकेच शब्द बोलतो. गेल्या चार महिन्यांपासून तो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असतो, स्वतःच्या मनगटाला चावतो आणि अडवायला गेले की माझे केस ओढतो. रिस्पेरिडोनने चिडचिड थोडी कमी झाली होती, पण वर्षभरात वजन सात किलोने वाढले. सहाव्या वर्षी दोनदा आकडी आल्यामुळे व्हॅल्प्रोएटही चालू आहे. आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटात एका आईने लिहिले आहे की, विजया तेलाने, म्हणजे भांगेच्या झाडापासून काढलेल्या तेलाने, तिची मुलगी महिनाभरात शांत झाली. ते ऑनलाइन मागवता येते. सासूबाई म्हणतात, गांजा तो गांजाच, पोराला नशेला लावू नकोस. यजमान म्हणतात, एकदा देऊन बघू. मी काय करावे?
— एक आई, मुलुंड

उत्तर : आकडीच्या औषधाचा उल्लेख आपण ओघात केला आहे, पण मी सुरुवात तिथूनच करतो. विजया तेलात कॅनाबिडिऑल, म्हणजे ज्याला सगळे सीबीडी म्हणतात तो घटक, भरपूर प्रमाणात असेल, तर तो व्हॅल्प्रोएटबरोबर घेतल्यास यकृतावर ताण येऊन रक्तातील यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात. क्लोबाझाम हे आकडीचे दुसरे औषध घेणाऱ्या मुलांमध्ये सीबीडीमुळे त्या औषधाचा अंश रक्तात वाढतो आणि मूल गुंगीत राहते. म्हणून, आपल्या मुलाच्या मेंदूविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय आणि यकृताची रक्ततपासणी केल्याशिवाय या तेलाचा एक थेंबही देऊ नका. गटातल्या ज्या ताईंनी आपला अनुभव लिहिला, त्यांच्या मुलीला आकडीचे औषध चालू नसेलही. तिला जे सोसले ते आपल्या मुलाला सोसेलच असे नाही.

आता सासूबाईंच्या शंकेविषयी. ती मला अगदी रास्त वाटते, पण अर्धीच. भांगेच्या झाडात शंभराहून अधिक विशिष्ट रसायने असतात, त्यांतली दोन आपल्या कामाची. टीएचसीने नशा चढते. सीबीडीने नशा चढत नाही. संशोधनात वापरलेल्या तेलांत बहुधा वीस भाग सीबीडीला एक भाग टीएचसी असे प्रमाण ठेवलेले असते, त्यामुळे ते तेल म्हणजे चिलमीतला गांजा नव्हे. तरीही टीएचसीचा अंश असतोच, आणि वाढत्या वयाच्या मेंदूसाठी तो अंश किती हे महत्त्वाचे ठरते. इस्रायलमधल्या एका सुरुवातीच्या अभ्यासात टीएचसीचे प्रमाण वाढवल्यावर एका मुलीला तात्पुरता पण गंभीर मनोविकाराचा झटका आला होता.

या झाडाचा स्वमग्नतेशी संबंध जोडला जातो, त्यामागे कारण आहे. आपल्या शरीरातही अशाच जातीची रसायने तयार होतात. त्यांपैकी पहिले १९९२ साली जेरुसलेममध्ये रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलाम यांच्या चमूने वेगळे काढले आणि संस्कृत ‘आनंद’ या शब्दावरून त्याला आनंदामाइड असे नाव दिले. पुढे काही अभ्यासांत स्वमग्न मुलांच्या रक्तात ते कमी असल्याचे आढळले. त्यातून आशा निर्माण झाली, आणि मला ती आशा खोटी वाटत नाही. मात्र रक्तात एखादी गोष्ट कमी सापडणे आणि बाहेरून काही दिल्याने मुलाला बरे वाटणे यांच्यामध्ये बरीच पायवाट असते. त्या वाटेवर आपण आज नेमके कुठवर आलो आहोत, हे दोन अभ्यासांवरून कळते.

पहिला २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. इस्रायलमधल्या १८८ स्वमग्न रुग्णांना सीबीडीप्रधान तेल दिले गेले. सहा महिन्यांनी ज्यांची माहिती हाती आली त्यांच्यापैकी तीस टक्के रुग्णांमध्ये लक्षणीय आणि चोपन्न टक्क्यांच्या आसपास रुग्णांमध्ये मध्यम सुधारणा नोंदवली गेली. व्हॉट्सॲपवर फिरतात ते हेच आकडे. पण ती माहिती ९३ जणांचीच होती, आणि आपल्या मुलाला औषध मिळत आहे हे प्रत्येक घराला ठाऊक होते.

दुसरा अभ्यास २०२१ मधला, जेरुसलेमचाच, पाच ते एकवीस वर्षे वयाच्या १५० जणांचा. यात काहींना संपूर्ण वनस्पतीचा अर्क, काहींना शुद्ध सीबीडी व टीएचसी आणि काहींना औषध नसलेले तेल दिले गेले, आणि कुणाला काय मिळाले हे ना पालकांना ठाऊक होते, ना डॉक्टरांना. वर्तनाच्या ज्या दोन मोजमापांवर हा अभ्यास मुख्यतः आधारलेला होता, त्यांपैकी पालकांच्या प्रश्नावलीत औषध आणि बिनऔषध यांच्यात ठाम फरक दिसला नाही. दुसऱ्या मोजमापात, म्हणजे डॉक्टरांच्या एकंदर मतानुसार, मात्र संपूर्ण अर्क घेणाऱ्या ४९ टक्के मुलांचे त्रासदायक वर्तन बरेच सुधारले होते. औषध नसलेले तेल घेणाऱ्यांमध्येही २१ टक्क्यांचे सुधारले होते. ताई, या २१ टक्क्यांकडे जरा थांबून पाहा. पाचातल्या एका घरात बाटलीत औषध नसतानाही मूल सुधारलेले दिसले. त्या आया खोटे बोलत नव्हत्या. लक्षणे मुळातच चढतात आणि उतरतात, आणि आपण हाताशी काही उपाय आहे या धीराने मुलाशी अधिक सबुरीने वागतो. आपल्या गटातल्या ताईंचा अनुभवही खरा असू शकतो आणि तरीही तो तेलाचा गुण नसू शकतो.

त्याच अभ्यासात संपूर्ण अर्क घेणाऱ्या २८ टक्के मुलांना पेंग येत होती आणि २५ टक्क्यांची भूक मंदावली होती. माझ्या ओपीडीत तेल घेतलेली मुले येतात, तेव्हा ‘शांत झाला’ या शब्दावर मी पालकांना हटकून अडवतो. शांत झालेले मूल ताट पुढे आले की मान वर करते, आवडीचा खडखडणारा डबा मागते, हाक मारल्यावर निदान डोळे तरी वळवते. सुस्तावलेले मूल यातले काहीच करत नाही, फक्त चावत नाही. पहिले आपल्याला हवे आहे. दुसऱ्यासाठी यकृताला धोक्यात घालणे मला मान्य नाही.

बाजारातल्या मालाबद्दलही सांगायला हवे. औषध म्हणून काटेकोर तपासणीतून गेलेले शुद्ध सीबीडी अमेरिकेत २०१८ साली बालवयातल्या दोन दुर्धर अपस्मारांसाठी (आकडीच्या विकारांसाठी) मंजूर झाले आणि २०२० मध्ये त्यात ट्यूबरस स्क्लेरोसिस या दुर्मीळ जनुकीय आजारातल्या आकडींची भर पडली. स्वमग्नतेसाठी मंजुरी नाही. आपल्याकडे विजया तेल आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर विकले जाते. औषध नियमांच्या ज्या यादीतील द्रव्ये वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत अशी सूचना वेष्टणावर छापावी लागते, त्या यादीत भांग आहे. म्हणजे ते देणारा वैद्य समोर हवा, मुलाला तपासणारा हवा. फोनवर दोन मिनिटे बोलून चिठ्ठी पाठवणारा नव्हे. अमेरिकेत २०१७ साली ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा जेमतेम ३१ टक्के बाटल्यांवरचे प्रमाण आतल्या मालाशी जुळले आणि १८ बाटल्यांत टीएचसी सापडले. आणखी एक घोटाळा नेहमी होतो. खाद्यपदार्थ म्हणून मिळणारे भांगबियांचे तेल हे निराळे असते, त्यात सीबीडी जवळजवळ नसतेच. ते पोळीवर घालून खाल्ले तरी त्याने झोप येणार नाही.

आता माझा प्रश्न आपल्याला. चार महिन्यांपूर्वी काय बदलले? बोलता न येणारे मूल एकाएकी स्वतःला चावू लागते, तेव्हा मी आधी दुखणे शोधतो. दोन वर्षांपूर्वी एक दहा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणला होता. तो जेवण झाले की डावा कान भिंतीवर आपटायचा. त्याचे एक औषध दोनदा वाढवून झाले होते. मी त्याच्या आईला पंधरा दिवस वहीत फक्त वेळ आणि त्याआधीची घटना लिहायला सांगितले. वहीत दिसले की वरणभाताच्या दिवशी काही होत नाही, चिक्की किंवा आइस्क्रीम दिले की होते. डाव्या बाजूची मागची दाढ मुळापर्यंत किडलेली होती. भूल देऊन ती काढली, आणि आठवड्याभरात आपटणे थांबले.

प्रत्येक मुलाची दाढच किडलेली असते असे नाही. पण दात, कान, बद्धकोष्ठता, छातीतली जळजळ एवढे तपासून घ्या, आणि झोपेतल्या आकडीचा संशय असेल तर ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, करून घ्या. नवी बस, बदललेल्या शिक्षिका, शेजारच्या इमारतीच्या पुनर्विकासाची रात्रीची धडधड, यांचीही नोंद ठेवा. झोपेसाठी स्वमग्न मुलांमध्ये मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाचा पुरावा या तेलापेक्षा कितीतरी भक्कम आहे, त्याविषयी डॉक्टरांशी बोला. रिस्पेरिडोन स्वतःहून बंद करू नका. वजनाची तक्रार मात्र स्पष्ट मांडा. औषध बदलणे, मात्रा कमी करणे, वजन रोखणारे औषध जोडणे, असे मार्ग आहेत. परळ, शीव आणि मुंबई सेंट्रल येथील मोठ्या महापालिका रुग्णालयांत बालरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत, आणि आपल्या मुलाला दोघांचीही गरज आहे.

हे सगळे होऊनही त्रास तसाच राहिला आणि मेंदूविकारतज्ज्ञांनी देखरेखीखाली तेल देऊन पाहण्याची तयारी दाखवली, तर मी आपल्याला अडवणार नाही. त्या वेळी दुसरे काहीही नवे सुरू करू नका, वही चालू ठेवा, रक्ततपासणीच्या तारखा आधीच ठरवा आणि तीन महिन्यांनी वहीत फरक दिसला नाही तर ते बंद करा.

प्रश्न : आमच्या लहानपणी महाशिवरात्रीला घरात भांग घोटली जात असे आणि मुलांनाही चमचाभर मिळे. माझा नातू स्वमग्न आहे, रात्री झोपत नाही. थोडी भांग दुधातून दिली तर काय बिघडेल?
— एक आजोबा, लालबाग

उत्तर : आजोबा, देऊ नका. घोटलेल्या भांगेत नशा आणणारे टीएचसीच प्रामुख्याने असते आणि एका चमच्यात ते किती उतरले हे कुणालाही सांगता येत नाही. पोटातून घेतलेल्या भांगेचा अंमल चढायला तास-दोन तास लागतात, तेवढ्यात काही झाले नाही म्हणून दुसरा चमचा दिला जातो. आपल्याच भागात एके काळी गिरणीत पाळीवर जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची गोळी देत असत. बाळे झोपत, पण ती झोप सुखाची नव्हती, आणि त्या बायांपुढे दुसरा मार्गही नव्हता. आपल्यापुढे तो आहे. नातवाला झोप का लागत नाही, हे बालरोगतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची, स्वमग्न आहे. गर्दी आणि आवाजाने ती फार बिथरते. माझा भाऊ टोरांटोला असतो. तिकडे सीबीडी तेल दुकानात मिळते. गणपतीला येताना त्याने दोन बाटल्या आणल्या तर चालेल का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : नाही. कॅनडाने २०१८ मध्ये गांजा कायदेशीर केला हे खरे, पण देशाची सीमा ओलांडून तो किंवा त्यापासून केलेले तेल नेणे तिथल्या कायद्यानेही गुन्हा आहे, म्हणजे आपले बंधू निघतानाच अडचणीत येतील. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने झाडाचे शेंडे आणि राळ यांवर बंदी आहे, त्यांपासून केलेली मिश्रणेही त्यात येतात. बिया आणि शेंड्यांशिवायची पाने तेवढी व्याख्येबाहेर आहेत. परदेशातली सीबीडी तेले बहुधा शेंड्यांपासूनच काढतात. बाटलीवर इंग्रजीत काय लिहिले आहे यावर विमानतळावरचा अधिकारी विसंबून राहणार नाही, आणि तपासाच्या काळात आपल्या मुलीकडे कोण पाहील हा प्रश्न उरेल.

गर्दीच्या आवाजाने बिथरणे यावर तेलापेक्षा साधा आणि आजच करता येण्याजोगा उपाय आहे. बंधूंना कान पूर्ण झाकणारे, आवाज रोखणारे हेडफोन आणायला सांगा. मुलीच्या डोक्याचे माप घेऊन पाठवा, घट्ट बसणारे ती काढून फेकेल. गणपतीच्या महिनाभर आधीपासून घरात रोज दहा मिनिटे घालायची सवय लावा, आधी पंखा चालू असताना, मग मिक्सर, मग खालच्या रस्त्यावर, आणि आगमनाच्या मिरवणुकीचा ढोल ऐकू येण्यापूर्वीच ते तिच्या हातात द्या.