काटा लागल्यानंतरचे पहिले मिनिट

प्रिय मित्रा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पाण्याखाली भाल्याने शिकार करताना लायनफिश या विषारी काट्यांच्या माशाचा काटा लागून आलेली सूज उतरली आणि तर्जनी आता पुरती वाकते, हे वाचून हायसे वाटले. मात्र पत्रातले दोन मोठे परिच्छेद तू हातमोज्यांवर खर्च केले आहेस, आणि २२ मीटर खोलीवरून वर कसा आलास हे एकाच ओळीत उरकले आहेस: "कसाबसा वर आलो." माझी झोप उडवली ती त्या ओळीने. हातमोज्यांविषयी सांगेन, पण सगळ्यात शेवटी.

लायनफिशच्या काट्याने धडधाकट माणूस सहसा दगावत नाही. ठणका भयंकर असतो, तास-दीड तास चढत जातो आणि पुढे कित्येक तास रेंगाळतो, क्वचित दिवसभरही. पण त्या ठणक्याने जे होत नाही ते वर येण्याच्या घाईने सहज होऊ शकते. कळ आली की माणूस दात आवळतो आणि श्वास रोखून धरतो. जमिनीवर त्याने काही बिघडत नाही. पाण्याखाली मात्र रेग्युलेटरमधून, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडात देणाऱ्या साधनातून, घेतलेला श्वास छातीत कोंडून तू वर निघालास, तर १० मीटरपासून पृष्ठभागापर्यंतच त्या हवेचे आकारमान दुप्पट होते आणि फुप्फुस फाटायला तेवढे पुरते. म्हणून काटा लागल्यावर पहिली गोष्ट करायची ती बोटाची नव्हे, श्वासाची: भाला सोडून दे, दुसऱ्या हाताने खडक नाही तर सोबत्याचा पट्टा धर आणि चार-पाच वेळा लांब श्वास सोड. सोड, असे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण घेण्याचे काम शरीर आपोआप करते.

आता हिशेब कर. मिनिटाला ९ मीटर या वेगाने २२ मीटर चढायला सुमारे अडीच मिनिटे लागतात आणि ५ मीटरवरच्या सेफ्टी स्टॉपची, म्हणजे वर येताना खबरदारी म्हणून घ्यायच्या थांब्याची, ३ मिनिटे धरली तर एकूण साडेपाच मिनिटे होतात. त्या साडेपाच मिनिटांत ठणका वाढेल, डोळ्यांत पाणी येईल, मास्कमध्ये शिव्या घालशील. पण बोटाचे म्हणून काही जास्त बिघडणार नाही. उलट ती साडेपाच मिनिटे वाचवायला गेलास तर डीकम्प्रेशनचा आजार, म्हणजे घाईने वर आल्याने शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा आजार, ओढवून घेशील, आणि त्याचे सगळ्यात वाईट अंग असे की हातातल्या मुंग्या, बधिरपणा, मळमळ ही लक्षणे दोन्हींत सारखीच दिसतात. मग डॉक्टरही चकतो: बोट विषाने बधिरले की नायट्रोजनच्या बुडबुड्यांनी? म्हणून दवाखान्यात गेल्यावर काट्याच्या जोडीला किती खोल गेलो, किती वेळ होतो आणि किती वेगाने वर आलो, हे न विचारता सांगायचे, आणि शक्य असल्यास खोली आणि वेळ नोंदणारा डायव्ह कॉम्प्युटर पुढे ठेवायचा. सेफ्टी स्टॉप कधी सोडावा, असे विचारशील. भोवळ येत असेल, दम लागत असेल, रक्त थांबत नसेल, किंवा जखम छातीला वा पोटाला असेल तर स्टॉप सोडून दे. चढण्याचा वेग मात्र तेव्हाही सोडायचा नाही.

हवेचा हिशेबही याच मिनिटाचा. २२ मीटरवर दाब पृष्ठभागाच्या ३.२ पट असतो. वर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस तिथे ६४ लिटर खर्चतो, आणि ठणक्याने धापा टाकू लागला की त्याच्या दुप्पट. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये ५० बार उरले म्हणजे ६०० लिटर. तू खालीच गोंधळत राहिलास तर ते पाच मिनिटेही पुरणार नाहीत. म्हणून माझा स्वतःचा नियम १०० बारचा आहे. दाबमापकाचा काटा तिथे आला की मी भाला खाली करतो, समोर कितीही मोठा मासा असो. आणि वाटेत सक्तीचा थांबा घ्यावा लागेल इतका वेळ खोलावर राहून शिकार करू नये, या बाबतीत मी अजिबात ऐकून घेणार नाही.

सिलिंडरशिवाय, नुसता श्वास रोखून शिकार करतोस तेव्हा हे गणित निराळे होते. पुष्कळ ठिकाणी स्कूबाच्या, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरच्या, साहाय्याने भाला चालवायला बंदीच असते आणि लायनफिशला कुठे कुठे अपवाद केलेला असतो; तुझ्या पाण्यात नियम काय आहे, ते भाला बांधण्याआधी पाहत जा. श्वास रोखलेला असताना काटा लागला तर थांबून विचार करायला वेळ नसतो: भाल्याची बंदूक सोड, गरज वाटली तर वजनाचा पट्टाही सोड आणि थेट वर ये. वर आल्यावर सोबत्याने तुझ्या चेहऱ्याकडे निदान अर्धे मिनिट पाहत राहावे, बोटाकडे नव्हे, कारण शुद्ध हरपते ती बहुधा वर आल्यानंतरच. त्या दिवशी पुन्हा पाण्यात जायचे नाही.

माझीच एक चूक सांगतो. फार वर्षांपूर्वी १८ मीटरवर मी तीन लायनफिश मारून जाळीच्या पिशवीत टाकले आणि पिशवी कमरेला अडकवली. पुढच्या खडकाकडे जाताना पाय मारला, पिशवी मांडीवर आपटली आणि निओप्रीनच्या रबरी पोशाखातून काटा आत गेला. आधी काहीच वाटले नाही, सुई टोचल्यासारखे झाले इतकेच. तीस-चाळीस सेकंदांनी कोणीतरी मांडीवर तापलेली सळई टेकवून दाबत आहे असे वाटू लागले आणि मी, तेव्हा दोनशेहून अधिक डाइव्ह झालेला माणूस, सोबत्याला खूणसुद्धा न करता वर सुटलो. १० मीटरवर कॉम्प्युटर किंचाळला म्हणून भानावर आलो. होडीवर ज्याने मला वर ओढले त्याने मोठ्या मायेने मांडीला दोरी करकचून बांधली आणि वर बर्फ ठेवला. दोन्ही चूक. दोरीने विष एका जागी कोंडते आणि रक्त न पोहोचल्याने मांस मरण्याची भीती वाढते. घट्ट पट्टी बांधून अंग हलू न देण्याची पद्धत समुद्रसाप, निळ्या वलयांचा ऑक्टोपस किंवा शंकूगोगलगाय यांच्यासाठी आहे, माशाच्या काट्यासाठी नाही. कापून, चोखून विष काढणे वगैरे प्रकार तर विसरूनच जा.

काटा काम कसा करतो हे एकदा जवळून पाहिलेस तर बऱ्याच गोष्टी आपोआप उमजतील. मेलेल्या लायनफिशच्या पाठीवरचा एक काटा लांब चिमट्याने धरून भिंगाखाली ने. त्याच्यावर पातळ कातडीचा म्यान असतो, आणि काट्याच्या दोन्ही अंगांना लांबट खोबणी असतात. त्या खोबणीत विषाची ग्रंथी बसलेली असते. काटा रुतताना म्यान मागे सरकतो, ग्रंथी दाबली जाते आणि विष खोबणीतून जखमेत उतरते. म्हणजे मासा तुला डंख मारत नाही. दाब तू देतोस. हेच कारण आहे की मेलेला मासाही तितकाच काटा लावतो, आणि बर्फाच्या पेटीतला वा फ्रीजरमधून काढलेलाही. मला दुसऱ्यांदा काटा लागला तो कोरड्या फळीवर, मासा मरून पाच तास झाल्यावर, साफ करताना.

लायनफिशला असे विषारी काटे १८ असतात: पाठीवर १३, पोटाखाली २ आणि शेपटीजवळ खालच्या बाजूला ३. छातीजवळचे ते मोठे पंख्यासारखे पर दिसायला भीतिदायक आहेत, पण त्यांत विष नाही. नवखा माणूस नेमका त्यांना भिऊन मागून हात घालतो आणि पाठीच्या काट्यांवर पडतो. हा मासा पळत नाही, डोके खाली करून पाठ तुझ्याकडे वळवतो. मूळचा हिंदी व प्रशांत महासागरांतला. १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिसल्याची नोंद आहे आणि नंतर तिकडच्या समुद्रात इतका फोफावला की त्याला मारायला उत्तेजन दिले जाते. सोपी शिकार आहे, आणि तिच्या सोपेपणामुळेच हात सैल पडतो.

स्टोनफिश या दगडासारख्या दिसणाऱ्या माशाची गोष्ट वेगळी आहे. तो तुझ्या भाल्यावर येणारच नाही, कारण तो तुला दिसणार नाही. नेम धरताना तू गुडघा टेकतोस किंवा डाव्या हाताने खडकाचा आधार घेतोस, तिथे तो बसलेला असतो. पाठीवर १३ आखूड, जाड काटे, पायमोज्याच्या तळव्यातून जाणारे, आणि विष लायनफिशच्या मानाने फार जहाल. त्यावर प्रतिविष आहे, १९५९ पासून ऑस्ट्रेलियात वापरात आहे; ते घोड्याच्या रक्तापासून करतात, त्यामुळे त्याची ॲलर्जी येऊ शकते आणि ते रुग्णालयातच द्यायचे असते. किती मात्रा द्यायची हे किती छिद्रे पडली यावर ठरवतात. म्हणून सूज चढण्याआधी छिद्रे मोजून ठेव. पाकटाविषयी एवढेच: ४ सप्टेंबर २००६ रोजी प्राण्यांवरच्या टीव्ही कार्यक्रमांमुळे प्रसिद्ध असलेले स्टीव्ह अर्विन ऑस्ट्रेलियातल्या बॅट रीफवर वारले ते पाकटाचा काटा छातीत घुसल्याने. छाती, पोट किंवा मान यांत रुतलेला काटा उपटायचा नाही, आहे तसा आधार देऊन रुग्णालयात न्यायचे.

बाकी काट्यांसाठी उपाय एकच, गरम पाणी. दिसतो तो तुकडा चिमट्याने काढ, जखम धू आणि हात ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यात बुडव; त्याहून गरम नको. विषातली प्रथिने उष्णतेने बिघडतात, शिवाय उष्णतेने वेदनाही दबते. पाणी तपासायचे ते चांगल्या हाताने किंवा कोपराने, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचे तपासतात तसे, कारण दुखरा हात बधिर असतो आणि ठणक्यापुढे चटका कळत नाही. काट्यापेक्षा पोळल्याच्या जखमेने अधिक दिवस घरी बसलेले लोक मी पाहिले आहेत. पाणी दहा मिनिटांत कोमट होते. तेव्हा हात बाहेर काढायचा, मग गरम पाणी ओतायचे, ढवळायचे, पुन्हा तपासायचे आणि हात परत बुडवायचा. असे अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत. ठणका ओसरला की थांब, परत आला की परत सुरू कर.

मग दवाखाना, ठणका गेला तरीही. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आठवून ठेव, आणि काट्याचे टोक आत राहिले असेल तर ते एक्स-रे किंवा सोनोग्राफीत शोधावे लागते. काखेत अवधाण आले, लाली मनगटाकडे सरकू लागली किंवा ताप भरला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ. यकृताचा विकार असलेल्याला समुद्रातला जंतुसंसर्ग काही तासांतही जिवावर बेततो. आणि सगळे बरे झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी बोटावर न दुखणारी गाठ आली, तर तिला समुद्राची आठवण म्हणून मिरवू नकोस. सावकाश वाढणारा जंतू असू शकतो, आणि डॉक्टरांना काटा लागल्याचे सांगितल्याशिवाय त्यांना ते सुचणार नाही.

मासा खावा का, हेही तू विचारले आहेस. आपण काट्यातल्या विषाला आणि खाण्यातल्या विषाला एकच शब्द वापरतो, त्याचा हा घोटाळा. काटे कात्रीने मुळापासून कापले की लायनफिशचे मांस खाण्यालायक असते. काही भागांत मोठ्या खडकमाशांमध्ये सिग्वाटेराचे विष साठते, आणि ते मात्र शिजवल्याने जात नाही. तिथल्या मच्छीमारांचे ऐक.

आता हातमोजे. जाड निओप्रीनचा मोजा थंडी आणि खडकाचा ओरखडा अडवतो, काटा अडवत नाही. काट्याला रोखणारे खास मोजे मिळतात, पण तेही पूर्ण भरवशाचे नाहीत आणि ते घातल्यावर तू माशाला हात लावायला धजावशील, ही माझी खरी अडचण आहे. पैसे खर्चायचेच असतील तर कडक प्लास्टिकची नळीसारखी पेटी घे, ज्यात भाल्यावरचा मासा तोंडातून ढकलला की भाला तेवढा मोकळा परत येतो आणि हात माशाजवळ जातच नाही. ती कमरेला बांधू नकोस, दोरीने मागे ओढ. दुसरा खर्च एका चांगल्या थर्मासाचा आणि स्वयंपाकात वापरतात त्या साध्या तापमापकाचा.

थर्मास आणलास की सकाळी त्यात उकळते पाणी भर, दिवसभर बाहेर सावलीत ठेव आणि चार तासांनी, सहा तासांनी ते किती गरम राहते ते मोजून मला कळव. तेवढ्यावरून होडीवर एक पुरेल की दोन लागतील, ते सांगता येईल.

कळावे.