कार्यशाळा झाली, वर्गात काहीच नाही: माझा अनुभव

तुम्ही लिहिलंय की केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षकांसाठी 'जागतिक शिक्षणा'वर (वर्गातलं शिकणं बाहेरच्या जगाशी जोडण्यावर) दिवसभराची कार्यशाळा घेतली, सगळे खूश होऊन गेले, पण वर्गात काहीच हललं नाही. आम्ही गुहागरकडे नेमकं हेच भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक, शिक्षकांना दोष देऊ नका. द्विशिक्षकी शाळेत एक जण ऑनलाइन माहिती भरत असतो, दुसरा चार इयत्ता सांभाळतो.

आमचं खरं नुकसान केलं ते एका कार्यालयाने. नाव घेत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर बागेश्री या ऑलिव्ह रिडले मादी कासवाला उपग्रह ट्रान्समीटर लावला होता. ती श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. पोरं रोज नकाशावर तिचा माग काढायची. पुढच्या हंगामात श्रीलंकेतल्या एका शाळेशी व्हिडिओवर बोलायचं ठरलं. घड्याळ तिथलं आणि आपलं एकच, म्हणजे तीही अडचण नाही. परवानगीचा अर्ज 'विहित नमुन्यात नाही' म्हणून परत आला. नमुना मागितला, तर असा नमुनाच नाही! मग 'वरून मार्गदर्शन मागवलंय'. तोवर पिल्लं समुद्रात गेली, परीक्षा आल्या, मे महिना लागला. ज्या बाईंनी सगळी तयारी केली होती, त्यांनी त्यानंतर कशालाही हात वर केला नाही. मला याचा अजून राग येतो. एक उपक्रम बुडाला तर बुडू दे, हौशी शिक्षक गमावणं परवडत नाही.

म्हणून माझं ठाम मत: 'उपक्रम' म्हणून आणूच नका, रोजच्या पाठातून आणा. काजूच घ्या. झाड मूळचं ब्राझीलचं, पोर्तुगीजांनी आणलेलं, आणि आज आपल्या कारखान्यांत आफ्रिकेतली बीसुद्धा फुटते. एका शाळेत चौथीतल्या मुलीने विचारलं, "बी तिकडून येते म्हणून आमच्या बीला भाव नाही काय?" गुरुजी गप्प झाले. मदत लागते ती इथे. अशा प्रश्नानंतर पुढच्या तासाला काय करायचं, हे शेजारी बसून ठरवणारं कुणीतरी हवं. आणखी एका कार्यशाळेने ते होत नाही. शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या नेहमीच्या बैठकीत, अर्धा तास मागून घ्या आणि एकाच शिक्षकाला आपल्या वर्गात काय घडलं ते सांगू द्या, फसलेलंसुद्धा.

परदेशी शाळेशी बोलायचंच असेल, तर आधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि पालकांची लेखी संमती घेऊन ठेवा. हे जिल्हा परिषद शाळांपुरतं सांगतोय, खाजगी अनुदानितचं संस्थेला विचारा. आणि अर्ज जूनमध्येच टाका, पोच शिक्क्यासकट घ्या.