डोलकर: डोलणारा की डोल लावणारा?

प्रश्न असा: रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका बेटावर कोळीवाड्यातल्या जुन्या वस्तूंचं लहानसं संग्रहालय उभं राहतंय. तिथे जाळ्याशेजारच्या पाटीवर ‘डोलकर म्हणजे लाटांवर डोलणारा कोळी’ असं लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. ‘डोल’ हे जाळ्याचं नाव आहे. डोल लावून मासे धरतो तो डोलकर, जसा सिंधुदुर्गात रापण हे जाळं ओढतो तो रापणकर. गैरसमज होणं मात्र साहजिक आहे. खेळकर, खोडकर असे शब्द आपल्या तोंडात असतात, आणि होडी तर खरोखरच डोलते. पण इथला ‘कर’ विणकरातला, म्हणजे धंदा सांगणारा. मुरुडकर-मालवणकरांतला गावाचा ‘कर’ आणखी वेगळा.

हे जाळं नीट पाहिलं की शंका उरत नाही. डोल म्हणजे लांबलचक पिशवी: तोंडाशी रुंद आणि मोठ्या आसाची (आस म्हणजे जाळ्याचं भोक), मागे निमुळती आणि बारीक आसाची. शेवटच्या टोकाला ‘खोला’ म्हणतात. समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधून तिचं तोंड प्रवाहाकडे करायचं. ती ओढत न्यावी लागत नाही. भरती-ओहोटीचं पाणीच बोंबील, जवळा, मांदेली आत लोटतं. पाण्याची ओढ मंदावली की खोला वर घ्यायचा, गाठ सोडायची, मासळी होडीत रिकामी करायची. म्हणूनच डोलकराचं काम तिथीवर चालतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला जोर असतो, तेव्हा डोल भरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी मरगळतं, आणि खोलाही हलका येतो. हा भांग केसांतला नव्हे. हा शब्द पाटीवर आलाच पाहिजे, कारण शहरातून येणाऱ्या मुलांना तो दुसरीकडे भेटणार नाही.

एक आग्रहाची विनंती. जाळं घडी करून काचेच्या पेटीत ठेवू नका. तोंड उघडं राहील आणि खोला दिसेल असं टांगा, मग अर्धी पाटी लिहावीच लागणार नाही. तुमच्याकडची म्हातारी माणसं ‘जाळं’ न म्हणता ‘जालं’ म्हणत असतील, तर तेही तसंच लिहा. कोळी बोलीत ळ चा ल होतो, ती चूक नव्हे. ‘डोलकर’ या शब्दापुरतं पाटीवर एवढं पुरे: ‘डोलकर: डोल हे जाळं लावून मासेमारी करणारा कोळी.’