निसर्गाचे फोटो डार्करूममध्ये प्रिंट करण्यात कला ती काय?

तुमचं म्हणणं असं की दृश्य निवडून शटर दाबलं की फोटोग्राफरचं काम संपलं. पुढे फक्त रसायनं आणि घड्याळ, मग त्यात कला कुठली? मी गेली बरीच वर्षं कृष्णधवल निसर्गचित्रं हाताने प्रिंट करते. माझ्या मते, निसर्गाच्या बाबतीत तरी फोटोचा खरा निर्णय त्या लाल दिव्याखालीच होतो.

याचं कारण हिरवा रंग. जंगलात डोळ्याला हिरव्याच्या कितीतरी छटा दिसतात, आणि त्यातलं एखादं लाल फूल लगेच नजरेत भरतं. कृष्णधवल फिल्मवर मात्र पान आणि फूल बरेचदा एकाच करड्या छटेत उतरतात. रंगाने जे वेगळं दिसत होतं, ते आता केवळ उजेड-सावलीने वेगळं करायचं असतं. थोडी सोय कॅमेऱ्यावरच होते. हिरव्या फिल्टरने पालवी उजळते आणि फूल गडद होतं. लाल फिल्टरने निळं आकाश काळवंडून ढग उठून दिसतात, पण पानंही काळपट होतात. शिवाय मोकळ्यावरच्या सावलीत पोचणारा उजेड मुख्यतः आकाशाचा, म्हणजे निळसर असतो, त्यामुळे लाल फिल्टर सावल्यांमधला तपशीलही गिळतो. झाडीसाठी मी तो सहसा लावत नाही.

बाकीचं सगळं एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हमधून उजेड सोडून तिची मोठी प्रतिमा कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली. समजा निगेटिव्ह धबधब्याची आहे: पांढरं पाणी, शेजारी ओला काळा कातळ, त्यावर शेवाळ आणि नेचे. निगेटिव्हमध्ये तिन्हींचा तपशील असतो, पण कागदाला तो सगळा एकदम पेलवत नाही. आधी टेस्ट स्ट्रिप काढायची. कागदाची पट्टी पुठ्ठ्याने टप्प्याटप्प्याने झाकत उजेड द्यायचा आणि डेव्हलप करून बघायची. समजा कातळ 8 सेकंदांना छान येतोय, पण तेवढ्यात पाणी म्हणजे नुसता कोरा कागद. कागदाला जितका जास्त उजेड, तितकी छटा गडद, म्हणून पाण्याला 12 सेकंद हवेत. मग पूर्ण कागदाला 8 द्यायचे आणि उरलेले 4 पुठ्ठ्याला पाडलेल्या भोकातून फक्त पाण्यावर. याला बर्निंग म्हणतात. पुठ्ठा सतत हलता ठेवावा लागतो, नाहीतर त्याची कडा प्रिंटवर उमटते. मल्टिग्रेड कागदाचा कॉन्ट्रास्ट (उजळ आणि गडद छटांमधला फरक) उजेडाच्या रंगाने बदलतो: हिरव्या उजेडाला तो मऊ, म्हणजे कमी, आणि निळ्याला कडक, म्हणजे जास्त कॉन्ट्रास्ट देतो. म्हणून पाण्यावरचा हा जादा उजेड मी मऊ ग्रेडच्या फिल्टरमधून देते (सेकंद त्याप्रमाणे थोडे बदलतात), मग एकेक धार सुटी दिसायला लागते.

आता पाणी नेमकं किती करडं हवं? कमी पडलं तर कातळावर चुना ओतल्यासारखं दिसतं, जास्त झालं तर मळकट. हे कुठलंही घड्याळ सांगत नाही. त्यात फायबरचा (प्लास्टिकचा थर नसलेला) कागद वाळल्यावर किंचित गडद होतो, त्यामुळे ट्रेमध्ये अगदी मनासारखा दिसणारा प्रिंट दुसऱ्या दिवशी उदास वाटतो. ओला असताना तो जरा फिका सोडायचा. किती फिका, ते त्या त्या कागदाशी ओळख झाली की हाताला कळतं.

अमेरिकन निसर्ग-छायाचित्रकार अन्सेल ॲडम्सचं उदाहरण बघा. 1941 मध्ये त्यांनी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो घेतला. लाइट मीटर ऐन वेळी सापडेना, तेव्हा चंद्राची तेजस्विता ठाऊक होती तिच्यावरून एक्स्पोजर ठरवलं. दुसरा फोटो घेण्याआधीच उजेड गेला, त्यामुळे निगेटिव्ह एकच. पण सुरुवातीच्या प्रिंट्समध्ये आकाशात फिकट ढग दिसतात, आणि पुढच्या काही दशकांतल्या प्रिंट्समध्ये तेच आकाश जवळजवळ काळं होत गेलं. निगेटिव्ह तीच, माणूसही तोच, पण त्या संध्याकाळीबद्दल त्याला जे म्हणायचं होतं ते बदललं. हे यंत्राचं काम असतं, तर सगळे प्रिंट सारखेच निघाले असते.

रसायनांचा भाग खरंच सोपा आहे: चित्र उमटवणारा डेव्हलपर 20 अंश सेल्सिअसच्या आसपास, मग त्याचं काम थांबवणारा स्टॉप बाथ, चित्र पक्कं करणारा फिक्सर, आणि भरपूर धुणं. खोलीत हवा खेळती ठेवा. स्वतः करून बघायचं असेल तर भव्य डोंगरदऱ्या सध्या बाजूला ठेवा आणि पानांच्या जवळून घेतलेल्या एखाद्या निगेटिव्हपासून सुरुवात करा. कागद आरसीचा (प्लास्टिकचा थर असलेला) घ्या, तो काही मिनिटांत धुऊन होतो. त्याच निगेटिव्हचे मऊ, मधल्या आणि कडक ग्रेडचे प्रिंट काढून शेजारी शेजारी मांडा, आणि पानाच्या शिरा कुठल्या प्रिंटमध्ये तुम्हाला हव्या तशा दिसतात ते बघा.